निसर्गोपचार शिकायचा तर आधी भाकरी तोला

नीटचे गुण हातात आले आणि एमबीबीएस लांब आहे हे कळलं की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. ‘आरोग्याचंच काहीतरी करायचंय. मग न्यूट्रिशन घेऊ, नॅचरोपॅथी घेऊ, की बीएएमएस?’ प्रश्न मुलीचा असतो, विचारतात मात्र बहुतेक वेळा आई-वडील. हल्ली याच रांगेत चाळिशीच्या आसपासची माणसंही दिसतात. कुणाची साखर आहार बदलल्यावर आटोक्यात आलेली असते, कुणाची पाठदुखी योगासनांनी कमी झालेली असते, आणि आता ‘हेच शिकून लोकांना सांगावं’ असं त्यांना वाटत असतं. इच्छा चांगली आहे. पण या क्षेत्रात प्रवेश घेणं सोपं आणि त्या प्रवेशाचा पुढे काय उपयोग हे समजणं अवघड, अशी परिस्थिती आहे. जाहिराती भरपूर, प्रमाणपत्रं त्याहून भरपूर. त्यामुळे कोर्स निवडण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारून घ्यावा: शिकून झाल्यावर मी नेमकं काय करणार? रुग्ण तपासून उपचार करणार, रुग्णालयात डॉक्टरांच्या बरोबरीने आहार ठरवणार, वाडी-पाड्यांवर कुपोषणाचं काम करणार, की हे ज्ञान घरच्यांपुरतं वापरणार? प्रत्येक उत्तराची पदवी वेगळी आहे आणि त्या पदवीला कायदा देतो ती मुभाही वेगळी आहे.

कोणत्या वाटेने जायचं

रुग्णावर स्वतःच्या सहीने उपचार करायचे असतील आणि ओढा देशी पद्धतीकडे असेल, तर महाराष्ट्रात सर्वांत सरळ वाट बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवं, या विषयांत खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के गुण हवेत आणि नीट लागते. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. राज्यातली बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेली आहेत आणि प्रवेश सीईटी सेलमार्फत होतात. पुण्याचं टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचं, वरळीचं पोदार १९४१चं. परंपरा जुनी आहे. बीएएमएसनंतर सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणारे बरेच जण आहेत. ग्रामीण भागात स्थिरावायचं असेल तर ही नोकरी कमी लेखू नये.

निसर्गोपचाराची पदवी म्हणजे बीएनवायएस. हीसुद्धा साडेपाच वर्षांचीच. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, विकृतिशास्त्र हे सगळं त्यात आहे आणि सोबत जलचिकित्सा, माती-उपचार, उपवासचिकित्सा, आहार, मसाज, योगचिकित्सा. कर्नाटकातल्या उजिरे इथलं एसडीएम महाविद्यालय १९८९ पासून हा अभ्यासक्रम चालवतं आणि महाराष्ट्रातली बरीच मुलं आजही दक्षिणेकडेच जातात. इथे एक गोष्ट प्रवेशाच्या माहितीपत्रकात सहसा लिहिलेली नसते. २०२०च्या राष्ट्रीय कायद्याने भारतीय चिकित्सापद्धतींसाठी जो आयोग स्थापन झाला, त्याच्या कक्षेत आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा आहेत. योग आणि निसर्गोपचार नाहीत. म्हणजे या पदवीला केंद्रीय नियामक परिषद नाही, नोंदणीचा विषय राज्याराज्यांवर सोडलेला आहे. शेजारच्या राज्यात जे चालतं ते आपल्याकडे चालेलच असं नाही. तेव्हा बीएनवायएसला जायचं तर ज्या राज्यात दवाखाना टाकायचा तिथे नोंदणी कोण करतं आणि त्या नोंदणीने काय करता येतं, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘होऊन जाईल’वर साडेपाच वर्षं घालवू नयेत.

निसर्गोपचाराचं महाराष्ट्राशी नातं मात्र गाढ आहे. आगाखान पॅलेसमधून १९४४ साली सुटल्यावर गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात येऊन राहिले. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी तिथेच अखिल भारतीय निसर्गोपचार न्यास स्थापन झाला. आता हाच दिवस देशभर निसर्गोपचार दिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी उरुळी कांचनला आश्रम उभा राहिला आणि गांधीजींचे सहकारी मणिभाई देसाई तिथेच राहून गेले. मेहतांच्या जागेवर, ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात, आज केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. येवलेवाडीला तिचा ‘निसर्गग्राम’ हा नवा परिसरही झाला आहे. उपचार साहाय्यकाचं एक वर्षाचं प्रशिक्षण या संस्थेत मिळतं. पदवी नको, पण मसाज, जलोपचार, माती-पट्टी हे हाताने शिकून एखाद्या केंद्रात काम करायचं आहे, अशा मुलामुलींसाठी ते चांगलं आहे. लोणावळ्याचं कैवल्यधामही डोळ्यांपुढे ठेवावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली ते काढलं तेच मुळी योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत मोजदाद करण्यासाठी.

जाता जाता एक सांगून ठेवते. निसर्गोपचार म्हणजे ऋषिमुनींपासून चालत आलेली विद्या, असं अनेक वर्गांत शिकवलं जातं. पण ते पूर्ण खरं नाही. कटिस्नान लाइपझिगच्या लुई कूने यांचं. पोटावर मातीची पट्टी ठेवण्याची सवय गांधीजींना लागली ती दक्षिण आफ्रिकेत आडोल्फ युस्ट या जर्मन लेखकाचं पुस्तक वाचून. शिकताना इतिहास खरा शिकावा. त्याने विद्येची किंमत कमी होत नाही.

तिसरी वाट आहारशास्त्राची. माझ्या मते बहुतेक विद्यार्थ्यांनी पहिला विचार हिचा करावा. एसएनडीटी विद्यापीठ, मुंबईचं निर्मला निकेतन, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय अशा ठिकाणी पदवी होते. राज्याबाहेर बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ आणि दिल्लीचं लेडी आयर्विन ही जुनी नावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची पदव्युत्तर पदवी आहे. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला बेरीबेरीच्या शोधासाठी रॉबर्ट मॅक्‌करिसन यांनी सुरू केली, १९५८ साली ती हैदराबादला आली. पुण्याची निसर्गोपचार संस्था आणि हैदराबादची पोषण संस्था, दोघींनाही लोक ‘एनआयएन’ म्हणतात. एखाद्या खासगी कोर्सच्या जाहिरातीत ‘एनआयएनच्या धर्तीवर’ असं वाचलंत तर कोणत्या, हे विचारा. बहुतेक वेळा दोन्हींशी संबंध नसतो.

रुग्णालयात आहारतज्ज्ञ व्हायचं असेल तर पदवीवर थांबून भागत नाही. एम.एस्सी. किंवा डाएटेटिक्सची पदव्युत्तर पदविका, मग रुग्णालयातली इंटर्नशिप, मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षा, असं केल्यावर नावापुढे ‘आरडी’ (रजिस्टर्ड डाएटिशियन) लागतं. मोठी रुग्णालयं ते विचारतात. २०२१ साली संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ हे व्यवसाय आले. आजवर कुणीही पाटी लावावी अशी स्थिती होती, ती हळूहळू बदलते आहे. म्हणून आता प्रवेश घेणाऱ्याने विचारायचं ते हे, की तुमचा अभ्यासक्रम या आयोगाच्या आराखड्याप्रमाणे आहे का आणि माझी नोंदणी त्यात होईल का.

आणि दूरशिक्षणाबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून अन्न व पोषण, क्लिनिकल न्यूट्रिशन, डाएटेटिक्स असे आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. त्यामुळे ‘घरबसल्या डाएटेटिक्सची डिग्री’ अशी नवी जाहिरात दिसली तर पुढे वाचायचं कारण उरत नाही. निर्णय मला योग्य वाटतो. वॉर्डात उभं न राहता कुणी आहारतज्ज्ञ होत नाही. गैरसोय मात्र झाली आहे ती तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, संसार सांभाळून शिकणाऱ्या बायांची, आणि त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी नियमित अभ्यासक्रम काढण्याकडे कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही.

आधी भाकरी तोला

कोर्स कोणताही निवडा, पहिल्या वर्षी पाया घालायचा तो जीवरसायनाचा आणि मोजण्याचा. मोजणं हा शब्द मी अगदी शब्दशः वापरते आहे. प्रवेश होण्याआधीच्या सुट्टीत स्वयंपाकघरात एक डिजिटल वजनकाटा आणावा आणि घरातली वाटी, पळी, चमचा, मूठ यांत काय किती मावतं ते वहीत लिहून काढावं. प्रत्येक घरची वाटी वेगळी असते आणि रुग्ण आपल्याला ‘दोन वाट्या आमटी’ एवढंच सांगणार असतो.

मग एक गणित करून बघा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम. आता तिच्या ताटात दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ गेलं, तर त्यातून सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आली. ५० ग्रॅम तूरडाळीतून आणखी ११. एक पेला दूध साडेसहा. मूठभर शेंगदाण्यांचं कूट चार-पाच. बेरीज ४२च्या आसपास, उरलेलं भाजीतून भरून निघालं. म्हणजे साधं मराठी जेवण जमलं तर पुरतं. पण याच घरात डाळ पातळ पाण्यासारखी असेल, दूध मुलांना आणि नवऱ्याला गेलं असेल आणि बाई शेवटी उरलंसुरलं जेवत असेल, तर तीस ग्रॅमच्या आतच आकडा थांबतो. हे गणित वहीवर उतरलं की कुपोषण हा शब्द फक्त मेळघाटापुरता राहत नाही.

नवशिकी मुलं इथे हमखास एक घोटाळा करतात: तयार भाकरी तोलतात आणि कोष्टकातला पिठाचा आकडा तिला लावतात. पाण्याने भाकरीचं वजन वाढतं, प्रथिनं वाढत नाहीत. मोजायचं ते कोरडं पीठ. कोष्टक वापरायचं ते पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेलं भारतीय अन्नघटकांचं. परदेशी मोबाइल अ‍ॅपांमध्ये ‘रोटी’ एकच असते. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदळाच्या भाकरीत जमीनअस्मानाचं अंतर आहे. नाचणीचंच बघा. १०० ग्रॅमला ३६० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम, दुधाच्या सुमारे तिप्पट. एवढं वाचून लोक लगेच ‘दूध सोडा, नाचणी घ्या’ म्हणतात. पण नाचणीतलं फायटेट त्या कॅल्शियमला धरून ठेवतं, सगळं शरीराला मिळत नाही. मोड आणून सत्त्व केलं, आंबील आंबवली की फायटेट कमी होतं. आजीच्या हातात जी रीत होती तिचं कारण जीवरसायनाच्या पुस्तकात सापडतं, आणि अभ्यासाची खरी मजा तिथे सुरू होते. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी, हेही त्याच धड्यातलं.

पुस्तकांचं विचाराल तर बी. श्रीलक्ष्मी यांचं ‘डाएटेटिक्स’ बहुतेक महाविद्यालयांत चालतं. पोषण संस्थेची २०२४ सालची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं सोप्या इंग्रजीत आहेत आणि फुकट मिळतात. ती पहिल्याच महिन्यात वाचून काढावीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी संज्ञांना घाबरू नये. अकरावी-बारावीचं जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पुन्हा एकदा नीट वाचलं तर निम्मं ओझं उतरतं.

आकड्यांची एवढी सवय लागली की निसर्गोपचाराकडे वळावं. मग कोणता दावा कुठे उभा आहे ते स्वतःला तपासता येतं. चोथायुक्त आहार, नियमित चालणं, वजन कमी करणं, पुरेशी झोप, जुनाट कंबरदुखीत योगासनं, यांच्या बाजूने चांगला पुरावा आहे. ‘शरीरातली विषद्रव्यं मातीच्या पट्टीने बाहेर ओढली जातात’ याच्या बाजूने नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करत असतात. मातीच्या पट्टीने गार वाटतं, रुग्ण अर्धा तास शांत पडून राहतो, हेही कमी नाही. पण जे आहे तेवढंच सांगावं. एखादा शोधनिबंध दाखवला गेला तर चार गोष्टी बघाव्यात: प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, किती जणांवर झाला, तुलनेला दुसरा गट होता का, आणि पैसे कुणी दिले. पुण्यात डॉ. भूषण पटवर्धन यांच्यासारख्या संशोधकांनी आयुर्वेदातल्या वनस्पतींवर याच कसोट्या लावून काम केलं आहे. परंपरा आणि प्रयोगशाळा यांचं वैर असतं असं मानायचं कारण नाही.

गुळवेल, दुधी आणि उपास

या क्षेत्रातलं सर्वांत धोक्याचं वाक्य म्हणजे ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही ना’. शिकणाऱ्याने पहिल्या वर्षापासून याचा प्रतिवाद करायला शिकावं, आणि त्यासाठी उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत.

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली: गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. त्यात आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार असलेले होते. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती का, की तिच्यासारखी दिसणारी, त्याच कुळातली दुसरी जात होती, हे तपासलेलं नाही, असं मंत्रालयाचं म्हणणं. त्यानंतर देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून मोठा अभ्यास केला आणि अशाच घटना पुन्हा नोंदवल्या. विद्यार्थ्याने या वादातून काय घ्यावं? माझ्या लेखी दोन्ही बाजू त्याला काही ना काही शिकवतात. वनस्पती ओळखता आली पाहिजे, पानाच्या आकारावरून आणि खोडाच्या कापावरून. नुसतं ‘गुळवेल द्या’ म्हणून बाजारातून आणलेली पूड म्हणजे ओळख नव्हे. आणि खरी गुळवेल असली तरी कुणाला, किती, किती दिवस, आणि सोबत कोणती औषधं चालू आहेत, हे विचारल्याशिवाय ती देऊ नये. स्वयंप्रतिकारामुळे होणारे आजार ज्यांना आहेत, त्यांच्या बाबतीत ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ हे मुळात फायद्याचं आहे का?

दुधीचा रस हे दुसरं उदाहरण. पहाटे दुधीचा रस पिण्याची मोठी लाट आली होती. दुधी, काकडी, पडवळ यांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या फळात ती फार वाढली तर उलट्या, रक्तस्राव, रक्तदाब एकदम खाली जाणं असं होतं. मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने याचा अभ्यास करून सांगितलं ते साधं आहे: रस करण्याआधी दुधीची एक चकती चाखा, कडू लागली तर फेकून द्या, आणि कडू रस औषध म्हणून गिळू नका. कडू तेवढं गुणकारी, ही आपली जुनी समजूत इथे जीवावर बेतते.

उपवासचिकित्सा शिकताना तर फारच सावध राहावं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन चालू असताना उपास घडवला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. लहान वयात होणाऱ्या, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन बंद करणं म्हणजे काही दिवसांत अतिदक्षता विभाग. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला ‘पौष्टिक’ म्हणून नारळपाणी दिलं तर त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा रुग्णाची भाजी चिरून, भरपूर गरम पाण्यात ठेवून, ते पाणी टाकून द्यायची, हे रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात शिकायला मिळतं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्याने अचानक रोज पालक-मेथी सुरू केली तर औषधाचा परिणाम कमी होतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाहीत. असं सगळं तोंडपाठ असलेल्या आहारतज्ज्ञाचं म्हणणं डॉक्टर ऐकून घेतात. ‘सगळी औषधं बंद करा, मी बघतो’ म्हणणारा मात्र कितीही लोकप्रिय झाला तरी त्याच्या हाताखाली शिकू नये.

दुधाचीही गोष्ट याच जातीची. निसर्गोपचाराच्या काही शाखांत दूध वर्ज्य मानतात. मांसाहार करणाऱ्याला त्याने मोठा फरक पडत नसेल. पण आपल्याकडच्या शाकाहारी घरात ब-१२ जीवनसत्त्व येतं ते जवळजवळ फक्त दूध-दह्यातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कमतरतेवर अनेक वर्षं काम केलं आहे. शाकाहारी माणसाचं दूध बंद करायचं तर ब-१२ कुठून येणार याचं उत्तर त्याच चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. ‘इडलीच्या आंबवण्यातून मिळतं’ हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक कायदा लक्षात ठेवा. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मधुमेह, कर्करोग अशा ठरावीक आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करणं गुन्हा आहे. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असा फलक लावणाऱ्या केंद्रात इंटर्नशिप मिळाली तर ती नाकारावी.

काम कुठे आहे

शहरातलं वजन कमी करण्याचं क्लिनिक एवढंच या शिक्षणाचं भविष्य मानणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे बघावेत. महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. या कामासाठी माणसं लागतात: बालविकास प्रकल्प अधिकारी, अंगणवाडी पर्यवेक्षिका, जिल्हा रुग्णालयातल्या पोषण पुनर्वसन केंद्रातल्या आहारतज्ज्ञ, मेळघाटात किंवा जव्हार-मोखाड्यात काम करणाऱ्या संस्था. मुलाच्या दंडाला पट्टी लावून घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आहे का हे बघणं आणि मग काय करायचं ते ठरवणं, हे शास्त्रच आहे. वातानुकूलित खोलीत बसून केटो डाएट लिहून देण्यापेक्षा कठीणही.

संशोधनाची आवड असेल तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ साली सुरू झालेला माता-पोषण अभ्यास आवर्जून वाचावा. तिथली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच बारीक. पण चरबीचं प्रमाण मात्र त्या मानाने टिकून राहिलेलं. अंगाने काटकुळं आणि आतून चरबीचं, असं हे शरीर पुढे मधुमेहाकडे का झुकतं, याचा धागा तिथे सापडला. गरोदरपणात पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं आकाराने मोठी होती, हेही त्याच अभ्यासातून आलं. जगभर या कामाचा उल्लेख होतो आणि आपल्याकडच्या आहारशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

परदेशात जाण्याचा विचार असेल तर थोडक्यात. ब्रिटनमध्ये ‘डाएटिशियन’ हे पदनाम कायद्याने राखीव आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही; ‘न्यूट्रिशनिस्ट’ला तसं संरक्षण नाही. ऑस्ट्रेलियात नॅचरोपॅथी किंवा पोषणचिकित्सेचा मुख्य विषय घेऊन आरोग्यविज्ञानाची पदवी मिळते, पण नॅचरोपॅथ हे तिथल्या राष्ट्रीय वैद्यकीय नोंदणीत येत नाहीत. एजंट हे आपणहून सांगत नाही. कर्ज काढून जाणाऱ्याने परतल्यावर भारतात या पदवीचं काय होईल, हे आधी तपासावं.

आता चाळिशीतल्या त्या मंडळींसाठी. तुम्हाला आहाराने बरं वाटलं, तो तुमचा अनुभव आहे. दुसऱ्याला सल्ला देण्याचा तो परवाना होत नाही. घरापुरतं शिकायचं असेल तर छोटा प्रमाणपत्र कोर्स खुशाल करा. मोजायला शिका, लेबल वाचायला शिका, योग नीट शिका. पण ‘तीन महिन्यांत सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’ असं छापलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावून फी घेऊ नका. व्यवसायच करायचा असेल तर वय आड येत नाही, नियमित पदवी करा. वर्गात विशीतल्या मुली असतील, त्या तुम्हाला काकू म्हणतील, आणि तुमच्या स्वयंपाकघरातल्या अनुभवाचा त्यांना हेवाही वाटेल.

फी भरण्याच्या दिवशी सोबत एक कागद न्या आणि कार्यालयात बसून हे विचारा. पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि ते अनुदान आयोगाच्या यादीत आहे का? (आयोग बोगस विद्यापीठांची यादीही संकेतस्थळावर टाकतो, तीही बघून जा.) माझी नोंदणी कोणत्या परिषदेत होईल? इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, किती खाटांच्या? जीवरसायनाची प्रयोगशाळा आणि आहारचिकित्सेचं स्वयंपाकघर आत्ता दाखवाल का? गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या दोन विद्यार्थ्यांशी बोलता येईल का? उत्तरं सही-शिक्क्यासह मागा. द्यायला का-कू केली, तर चेकबुक पिशवीत ठेवा आणि उठून या.